तीन कोटेशनं

वास्कोत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
दुसऱ्या मजल्यावर, अकरा माणसं, आठ फोन.
जहाजांवर खलाशी पाठवायचं ऑफिस.
फोन सगळे आता इंटरनेटवरून बोलतात.
कानविंदे पात्रांव मला म्हणाले,
"भिंत घाल. पण दार राहू दे."

टेबलावर तीन कोटेशनं,
उडू नयेत म्हणून वर कुठल्याशा टँकरचा पितळी बोल्ट.

पहिलं पणजीच्या कंपनीचं:
हातभर लांब डबा, चार पंखे,
आणि छापील पत्रकात इतका वेग
की अख्खी सासष्टी एकदम बोलू लागली तरी पुरावा.
मी विचारलं, तपासणी चालू केली की यातला उरतो किती?
विकायला आलेला पोरगा खिडकीतून क्रेन बघत राहिला.

दुसरं पात्रांवच्या भाच्याचं. जुना माल, बेळगावहून उचललेला.
अपडेट बंद होऊन दोन वर्षं झाली.
राखणदार आहे हो,
पगार थांबल्यापासून झोपलाय एवढंच.

तिसरं माझं. जाड वहीएवढा डबा, पंखा नाही.
"पंखा नाही?" पात्रांवना तेच खटकलं.
मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, जुना स्विच दाखवला:
पोर्ट हिरवे पडलेले,
न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे.
इथली हवा मीठ घेऊन येते, पात्रांव,
आणि पंखा तिला हात धरून आत बोलावतो.

मग आवाजाचं सांगितलं.
उशिरा आलेली फाईल ही फाईलच असते.
उशिरा आलेला "हो"
समोरच्याने तोवर "नाही" धरून टाकलेला असतो.
म्हणून रांगेत बोलणं पुढे, बाकी सगळं मागे,
तुमच्या मुलाचे सिनेमेसुद्धा.
ते हसले नाहीत.

आग्नेला हसली नाही कारण तिला मार्च आठवत होता.
कार्मोण्याहून बेमविंदा फुर्तादोचा फोन आला होता,
नवरा कधी उतरणार, एवढंच विचारायला.
आग्नेला सांगत होती: गुरुवारी, दाबोळीला, सगळं ठीक.
बेमविंदाला काहीच ऐकू येत नव्हतं.
इकडे तिचा प्रत्येक "हॅलो" स्वच्छ,
पहिला मोठा, मग बारीक, मग नुसता श्वास.
दुपारी ती जिना चढून आली,
मडगावला बस बदलून, पायात दोन वेगळ्या चपला,
आणि दारातच म्हणाली,
"तोंडावर सांग. फोनवर गप्प का राहिलीस?"

दोष जुन्या राउटरच्या एका चांगुलपणाचा होता.
पाकिटावरचा पत्ता बदलायचा, ते त्याचं कामच,
पण हा मदत म्हणून आतल्या चिठ्ठीतही खाडाखोड करी,
आणि उत्तर जाई भलत्याच दारी.
एक खूण काढली की थांबतं.
तेव्हापासून कुठलाही डबा हातात घेतला
की वेग, किंमत सोडून मी आधी शोधतो:
ही मदत बंद करता येते का?

पात्रांवनी बोल्ट उचलून माझ्या कागदावर ठेवला.
"यूपीएस याच्यातच धर," म्हणाले.
मी धरला. तोटा झाला, थोडा.

शनिवारी बसवला. भिंतीवर वर, खिडकीपासून लांब.
हिरवा दिवा. आग्नेलाने स्वतःहून कार्मोण्याचा नंबर लावला.
"बेमविंदा बाय, ऐकू येतं?"
पलीकडे कुकरची शिट्टी, एक कोंबडी.
"येतं.
काय झालं? का केलास फोन?"
"काही नाही. लाईन बघत होतो."

मग ती गप्प झाली.
स्पीकरवर आम्ही तिघं ते गप्प ऐकत राहिलो,
कुठेही न तुटता येत होतं.
नंतर म्हणाली,
"बघितलीस ना? ठेव तर.
भात लागेल माझा."